एम-२९ वीझल: सकाळी गिअर खरखरतो, तासाभरानं सुतासारखा पडतो. ऑइल कोणतं घालायचं?

तक्रार अशी आहे. गाडी रात्रभर उणे तिशीत उभी. सकाळी क्लच दाबून स्टार्टर मारला की इंजिन चालू होतं, पण न्यूट्रलमध्ये क्लच सोडला रे सोडला की ते मान टाकतं. दोन-तीनदा चुचकारून कसंबसं चालू ठेवलं, तर पुढचं दुखणं सुरू होतं. दुसऱ्यावरून तिसरा जातो, तिसऱ्यावरून दुसरा टाकायला गेलं की दात खाल्ल्यासारखी खरखर होते. गाडी तासभर बर्फात फिरवा, सगळं सुरळीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. दरवर्षी डिसेंबर लागला की हे सुरू होतं, दरवर्षी कोणीतरी ऑइल बदलतं आणि दुखणं काही जात नाही.

गाडी आहे एम-२९ वीझल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड इथे स्टुडबेकर कंपनीनं बनवलेली, दोन्ही बाजूंना रणगाड्यासारखे रुंद फिरते पट्टे (ट्रॅक) असलेली बर्फावरची हलकी गाडी. इंजिन स्टुडबेकर चॅम्पियन मोटारीचं, सहा सिलिंडर, २.८ लिटरच्या आसपास. युद्धानंतर या गाड्या ध्रुवीय मोहिमांवर गेल्या. आपलं मैत्री स्थानक अंटार्क्टिकातल्या ज्या क्वीन मॉड लँडमध्ये आहे, तिथे १९४९ ते १९५२ च्या नॉर्वे-ब्रिटन-स्वीडन मोहिमेत वीझलच होत्या, आणि ब्रिटिश संशोधक व्हिव्हियन फुक्स यांच्या १९५७-५८ च्या अंटार्क्टिका ओलांडणाऱ्या ताफ्यातही होत्या. मी ज्या गाडीबद्दल लिहितोय ती कॅनडातल्या आल्बर्टात, शेजारच्या एका शेतकरी आजोबांच्या गोठ्यात उभी असते. गेली काही वर्षं तिची देखभाल माझ्याकडे आहे. थिओकोल, टकर, बॉम्बार्डियर अशा दुसऱ्या जुन्या गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, फक्त प्रत्येकाचं मॅन्युअल वेगळं, हे लक्षात असू द्या.

ऑइलला हात लावण्याआधी क्लच तपासा. गाडी गरम करा, इंजिन आयडलवर ठेवा, क्लच पूर्ण दाबा, दहापर्यंत आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो (दात गुंतण्याआधी दोन्हीकडचे वेग जुळवणारी पितळी कडी) नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. एवढं थांबूनही खरखर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. आधी पेडलचा प्ले (मोकळी हालचाल) आणि लिंकेज बघा, जगातलं कोणतंही ऑइल तिथे उपयोगी पडणार नाही. रिव्हर्स गुपचूप पडला तर पुढे वाचा.

आता दुसरा प्रश्न: खरखर फक्त थंड असताना होते की गरम झाल्यावरही? अर्धं निदान या एका प्रश्नात आहे. गरम झाल्यावरही होत असेल तर सिंक्रोची कडी झिजली असतील किंवा ऑइल फार निसरडं असेल, त्याकडे नंतर येतो. फक्त थंड असताना होत असेल, तर संशयित एकच, ऑइलचा जाडपणा. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद पडणं हा त्याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा. क्लच सोडल्यावर इंजिनाला काय फिरवायचं असतं? फक्त इनपुट शाफ्ट आणि खालचा काउंटर शाफ्ट. चाकं नाहीत, पट्टे नाहीत. एवढ्यानं इंजिन मरत असेल तर काउंटर शाफ्ट ज्यात बुडालाय ते ऑइल राहिलेलं नाही, ते डांबर झालंय.

वरच्या गिअरवरून खाली येतानाच खरखर का होते, हेही यातून उलगडतं. वर जाताना सिंक्रोला इनपुट शाफ्टचा वेग कमी करायचा असतो आणि जाड ऑइल आपणहून ब्रेक लावतं, म्हणजे मदतच करतं. खाली येताना त्याच शाफ्टचा वेग वाढवायचा असतो, तिथे तेच ऑइल पाय ओढतं. त्यात सिंक्रोचं पितळी कडं आणि गिअरचा निमुळता कोन यांच्यामधला ऑइलचा थर वेळेत पिळून निघत नाही, कडं धरायच्या ऐवजी घसरतं, आणि दात दातांवर आपटतात.

मी पहिल्यांदा गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट काढला तेव्हा आत ८५डब्ल्यू-१४० होतं. कोणीतरी आवाज बसावा म्हणून घातलेलं. मला आश्चर्य वाटलं नाही, कारण माझं लहानपण कोल्हापुरात मामांच्या गॅरेजमध्ये गेलंय, तिथे झिजलेल्या ट्रकच्या डब्याला, म्हणजे गिअरबॉक्सला, एकशेचाळीस नंबर हाच इलाज होता. त्या रात्री मामांना फोन लावला. म्हटलं, मामा, इथे उणे तीस आहे, १४० घातलंय, गिअर पडत नाही. ते म्हणाले, "अरं, आंबा घाटात मे महिन्यात डबा तापतो, तिथं एकशेचाळीस. तुझ्याकडं डबा तापतोय कधी? तेल ओतून बघ की आधी, काकवी बघतोस तसं." 

मामांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी चार बरण्यांत चार ऑइलं घेतली, पाव बरणी प्रत्येकी, आणि रात्रभर गोठ्याच्या ओट्यावर ठेवली. सकाळी तापमान उणे ३१. एकेक बरणी आडवी केली. नुसतं ९० नंबर, जुन्या पद्धतीचं साधं मिनरल: हललंच नाही, बरणीच्या तळाशी साबणवडीसारखं बसून राहिलं. ८५डब्ल्यू-१४०: मिनिटभरानं कडेला जेमतेम फुगवटा आला. ८०डब्ल्यू-९० मिनरल: सरकलं, पण थंडीतली काकवी बरणीच्या तोंडाशी येऊन अडून बसते तसं. ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक: आडवं केलं आणि आलं, मधासारखं, न थांबता. मी बोटानं प्रत्येकात एक रेघ ओढली. पहिल्या दोन बरण्यांतली रेघ तशीच राहिली, तिच्या कडासुद्धा ढासळल्या नाहीत. ही रेघ महत्त्वाची आहे. डब्यात गिअर फिरतो तेव्हा तो अशीच खाच पाडतो, नांगराचा तास पडावा तशी, आणि ऑइल परत खाचेत येत नाही. गिअर हवेत कोरडा फिरतो, बाजूला ऑइल भरपूर असताना. डिपस्टिक किंवा फिलरचं भोक बघून तुम्हाला वाटतं लेव्हल बरोबर आहे. (या गाडीच्या मूळ युद्धकालीन योजनेचं नावही ‘प्लाऊ’, म्हणजे नांगरच होतं.)

हे बरण्यांचं काम तुम्हीही करा. दहा मिनिटांचा खेळ आहे आणि ऑइलच्या कॅनवरच्या जाहिरातीपेक्षा जास्त सांगतो.

ज्यांना आकडे हवेत त्यांच्यासाठी. गिअर ऑइलच्या नंबरात ‘डब्ल्यू’ म्हणजे थंडीतली हमी. एसएई जे३०६ या मानकानुसार ऑइलचा जाडपणा १,५०,००० सेंटिपॉइजपर्यंत पोचण्याआधी ते किती थंडी सोसतं त्यावर हा आकडा ठरतो. ७५डब्ल्यू उणे ४० सेल्सिअसपर्यंत, ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंत, ८५डब्ल्यू फक्त उणे १२ पर्यंत. म्हणजे ८५डब्ल्यू-१४० नं उणे तिशीबद्दल कधी काही कबूलच केलेलं नव्हतं, आणि पुढे डब्ल्यू नसलेल्या नुसत्या ९० नं तर थंडीबद्दल कसलीच हमी दिलेली नसते. तुमच्याकडची सगळ्यात थंड सकाळ कोणती ते आठवा आणि त्याहूनही थंड तापमानापर्यंत हमी देणारा डब्ल्यू निवडा. सरासरी तापमान धरू नका, गाडी सरासरी सकाळी सुरू करायची नसते.

दुसरा गैरसमज असा की गिअर ऑइलचा ९० म्हणजे इंजिन ऑइलच्या ४० च्या दुप्पट जाड. दोन्ही मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. १०० अंशांना ९० नंबरचं गिअर ऑइल साधारण इंजिनाच्या ४० ते ५० नंबरच्या जवळपास येतं. १४० मात्र खरोखर जाड, १०० अंशांनाही किमान २४ सेंटिस्टोक. त्यामुळे जुन्या तक्त्यात एखाद्या डब्यापुढे इंजिन ऑइल लिहिलेलं दिसलं तर छपाईची चूक समजू नका.

आता जीएल-४ आणि जीएल-५ (दातांवरचा दाब सोसण्याच्या ताकदीनुसार ठरलेले गिअर ऑइलचे दोन दर्जे) यांचा वाद. यावर लोक हमरीतुमरीवर येतात, म्हणून शांतपणे सांगतो.

जीएल-५ मध्ये दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची मात्रा जीएल-४ च्या ढोबळमानानं दुप्पट असते. हायपॉइड गिअरसाठी ती लागते, कारण तिथे दात एकमेकांवर घासत सरकतात. पण सक्रिय गंधक तापल्यावर पितळ, कांसं, तांबं यांना काळं पाडतं, आणि सिंक्रोची कडी पितळेची असतात. मी ऑइलचा तांबेपट्टीवरचा परिणाम बघितला. प्रयोगशाळेत घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी १२१ अंशांच्या ऑइलमध्ये तीन तास ठेवतात आणि रंग तक्त्याशी ताडून बघतात. मी ते घराबाहेर, हॉटप्लेटवर, थर्मामीटर लावून केलं. आमच्या डब्यातून निघालेल्या जुन्या ऑइलमधली पट्टी तपकिरी-जांभळट निघाली, जीएल-४ मधली फिक्या केशरीवर थांबली.

तरीही "जीएल-५ पितळ खातं" हे वाक्य मी अर्धंच मान्य करतो. हल्लीची बरीच जीएल-५ ऑइलं या चाचणीत पास होतात, आणि बर्फातल्या गाडीचा गिअरबॉक्स १२१ अंशांच्या जवळपासही फिरकत नाही. आमची कडी मी उघडून पाहिली: काळपट होती, पण खाल्लेली नव्हती. खरा त्रास दुसरा आहे. कड्याच्या आतल्या बाजूला अगदी बारीक आटे असतात. त्यांचं काम ऑइलचा थर कापणं. चांगल्या कड्यावरून नख फिरवलं की ते आटे टोचतात. जीएल-५ सारखं निसरडं ऑइल असलं की ते आटे धड असूनही कडं कोनावर घट्ट धरत नाही, गिअर थोडा थांबून, थोडा खरखरत पडतो, गरम असतानाही. आटे सपाट होऊन चकाकत असतील तर कडी बदलायलाच हवीत. कडं कोनावर दाबून फीलर गेजनं कडं आणि गिअर यांच्यातली फट चारही बाजूंनी मोजा. फट जवळजवळ मिटली असेल तर ऑइलवर पैसे घालवू नका.

एक गोष्ट तारखांवरूनही कळते. वीझलची पुस्तिका १९४० च्या दशकातली, आणि जीएल-५ हा दर्जा १९६० च्या दशकात आला. त्यामुळे पुस्तिकेत ‘९०’ लिहिलंय म्हणून दुकानात जाऊन "नव्वद द्या" म्हटलं की आज हातात पडणारं ८०डब्ल्यू-९० जीएल-५ हे त्या पुस्तिकेला माहीतच नव्हतं. त्या काळच्या लष्करी तक्त्यात जीओ अशी अक्षरं असतात, म्हणजे सर्व कामांचं गिअर ऑइल, आणि ओई म्हणजे इंजिन ऑइल. प्रत्येकापुढे तापमानाप्रमाणे वेगवेगळे नंबर असतात: ३२ फॅरनहाइटच्या वर एक, ३२ ते ० मध्ये दुसरा, ० च्या खाली, म्हणजे आपल्या उणे १८ सेल्सिअसखाली, तिसरा. लोक वरचा रकाना वाचतात आणि पुस्तिका मिटतात. बर्फाच्या गाडीचा रकाना सगळ्यात खालचा. जीओला आजचा जवळचा नातलग जीएल-४ आहे.

म्हणून गिअरबॉक्ससाठी माझं उत्तर: ७५डब्ल्यू-९०, फक्त जीएल-४, सिंथेटिक. ‘जीएल-४/जीएल-५’ असं दोन्ही लिहिलेला कॅन घेऊ नका, जीएल-५ ची मात्रा असल्याशिवाय ते नाव लावता येत नाही.

मागच्या डिफरन्शियलला मात्र हे उत्तर डोळे मिटून लावू नका. मी ती चूक केली आणि एक हंगाम वाया घालवला.

वीझलला स्टिअरिंग चाक नाही, दोन लिव्हर आहेत. मागे कंट्रोल्ड डिफरन्शियल आहे, क्लेट्रॅक ट्रॅक्टरच्या जातीचं. डावा लिव्हर ओढला की आतला डावा ड्रम ब्रेकच्या बँडनं धरला जातो, डावा पट्टा हळू होतो आणि उजवा तेवढाच वेगानं पळतो, दोन्हीकडचा जोर तुटत नाही. हे ब्रेकचे बँड डिफरन्शियलच्या घरातच, ऑइलमध्ये भिजून काम करतात. म्हणजे एकाच ऑइलनं गिअरच्या दातांना घसरू द्यायचं आणि बँडला घसरू द्यायचं नाही. ही कसरत आहे.

लक्षणं ओळखायची ती अशी. लिव्हर ओढला की गाडी थरथरते, बैलगाडी दगडावरून गेल्यासारखे बारीक हिसके बसतात: बँड पकडतोय-सोडतोय, ऑइलमध्ये घर्षण मऊ करणारं काही नाही किंवा लायनिंग काचेसारखं झालंय. लिव्हर पोटापर्यंत आला तरी गाडी वळत नाही: ऑइल फार निसरडं किंवा बँड ढिला. सकाळी वळत नाही, नंतर वळते: पुन्हा जाडपणा. थरथर घालवायला लोक लिमिटेड स्लिपची (घर्षण मऊ करणाऱ्या ॲडिटिव्हची) बाटली ओततात. मीही ओतली. थरथर गेली आणि तिच्याबरोबर वळणही गेलं, आजोबांना दोन्ही हातांनी लिव्हर ओढावा लागला. उतारावर हे धोक्याचं आहे. ते ऑइल मी सगळं काढलं. बँडचं ॲडजस्टमेंट पुस्तिकेप्रमाणे करा, मगच ऑइलला दोष द्या. आणि या घरात काय घालायचं ते पुस्तिकेच्या तक्त्यातल्या त्या घरापुढच्या रकान्यातूनच ठरवा, गिअरबॉक्समधलं उरलंय म्हणून ते इकडे ओतू नका.

पाण्याबद्दल थोडक्यात. गरम गाडी थंडीत उभी राहिली की डबा श्वास आत घेतो, ओली हवा आत येते आणि दव धरतं. ऑइल ताकासारखं दिसलं तर पाणी आहे. ते तळाला जाऊन गोठतं, आणि सकाळी गिअरचा खालचा दात बर्फात रुतलेला असताना क्लच सोडला तर दात जातो. ब्रीदर (हवा ये-जा करायचं भोक) साफ आहे का बघा. तो बुजला की आतली हवा तापून जुन्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलते आणि लोक सील बदलत बसतात. पातळ सिंथेटिक जुन्या चामडी सीलमधून थोडं पाझरतंच, खाली पत्रा ठेवा आणि लेव्हल आठवड्याला बघा.

रॉकेल मिसळून ऑइल पातळ करू नका. ते जुन्या माणसांचं शॉर्टकट आहे आणि दातांवरचा थर पातळ करतं.

बदलताना ऑइल गरम असताना, गाडी फिरवून आणल्यावर काढा. पहिली धार पाण्याची असेल तर ती वेगळ्या भांड्यात धरा, किती निघालं ते कळेल. ड्रेन बोल्टाला चिकटलेला चुरा बोटांवर घासा: राखाडी पीठ नेहमीचं, चमचमणारे पिवळे कण म्हणजे सिंक्रोचं पितळ, टोचणारा तुकडा निघाला तर डबा उघडाच. नवीन ऑइल फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच भरा, जास्त भरलं तर फेस होतो. जुनं थोडं आत राहतंच, म्हणून पहिलं भरणं शे-दीडशे किलोमीटरवर पुन्हा काढा. महाग वाटेल, पण १४० चे अवशेष तसेच जात नाहीत.

मी तिन्ही फिलरांना तारेनं पत्र्याचे बिल्ले बांधलेत आणि त्यावर ठोकून लिहिलंय कुठे काय जातं, म्हणजे पुढच्या डिसेंबरात कोणी आवाज बसवायला १४० आणलं तर त्याचा हात थांबेल.

फेब्रुवारीत उणे २८ च्या सकाळी आजोबांनी क्लच सोडला, इंजिन फक्त थोडं खाली वाकलं आणि सावरलं. रस्त्याच्या वळणावर तिसऱ्यावरून दुसरा विनातक्रार पडला. उजवा लिव्हर अजून डाव्यापेक्षा दोन बोटं जास्त ओढावा लागतो. तो बँड बर्फ वितळल्यावर उघडणार आहे.